महिन्याचे खोटे चार दिवस

“तुमच्या ओव्हरीत, म्हणजे बीजकोशात, बीज पिकतच नाही,” पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण पाळी दर महिन्याला येते म्हणता. हे जुळत नाही.”

उत्तर सासूबाईंनी दिलं. “दर म्हैन्याला चार दिस बाजूला बसती, बाई. येक म्हैना चुकली न्हाई. मी मोजती.”

मी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही पिंपळवंडीचे. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. यजमानांची तपासणी ठीक निघाली. मग माझी बायोप्सी झाली, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून पाहिला. निकालाची पंधरा दिवस वाट पाहिली. तोवर घरात लोणीची एक मुलगी पसंत झाली होती. उपाय निघाला नाही तर मार्गशीर्षात मला सवत येणार होती.

खरं फक्त मला ठाऊक होतं. पाळी यायची चार-चार महिन्यांनी. पण सासरी पहिल्याच वर्षी मला शोध लागला, की ‘कावळा शिवला’ म्हटलं की चार दिवस चूल नाही, जातं नाही, विहिरीचं पाणी नाही. पडवीत घोंगडीवर पडून राहायचं आणि ताट आयतं. मग मी कावळ्याला दर महिन्याला आमंत्रण धाडू लागले. पुढे ते थांबवताही येईना. एक महिना चुकवला असता तर घरानं बारशाची तयारी केली असती.

“खरं कळलं तरच उपचार करता येईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“चार महिन्यांनी येते,” मी म्हणाले. “बाकीचं सोंग.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “म्हंजी सात वर्सं भाकरी मी थापली, आन तू लोळत व्हतीस?”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. मग समजावलं. ओव्हरीच्या पेशींत एन्झाइम असतात. विरजण दुधाचं दही करतं, तसे ते एका द्रव्याचं दुसरं करतात. ते काम अडलं की बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केसही येतात. माझे मी चोरून उपटत होते. “हा अजून अंदाजच आहे,” त्या म्हणाल्या. ओव्हरीची फाक कापून काढली तर काहींना गुण येतो, पण खात्री नाही.

परतताना नारायणगावला एस.टी.तून उतरताना सासूबाई म्हणाल्या, “लोणीला सांगावा धाडते, थांबा म्हनून. आदी आपरेशन.”

टाके निघाले. तीन महिने काहीच घडलं नाही. चौथ्या महिन्यापासून पाळी वेळेवर येऊ लागली. पुढच्या वर्षी ती चुकली, तर सासूबाईंचा विश्वास बसेना. मला पुन्हा पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून त्यांना सांगितलं, “या वेळी खरं बोलतेय.”

मुलगी झाली. माझ्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर असलेल्या बाईचंही हेच ऑपरेशन झालं होतं, पण तिला गुण आला नाही. म्हणून मी कुणाला भरवसा देत नाही. एवढंच म्हणते, बायांनो, डॉक्टरांना आधी आपली लबाडी सांगा, मग दुखणं.

सासूबाईंनी माझी लबाडी मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. आज ती मीच फोडते आहे.