चहात टिकणारा पाव

डॉक्टरांनी बायकोचा गहू कायमचा बंद केला, तेव्हा मी तिला धीर देत म्हणालो, "आपल्याकडं ज्वारीला काय तोटा हाय?" आणि सवयीनं माझा पाव चहात बुडवला. ती बघतच राहिली. माझ्याकडं नव्हे, पावाकडं.

सकाळचा चहा-पाव ही आम्हा दोघांची जुनी चैन. पाव कडेपर्यंत भिजवून, पडायच्या आत तोंडात घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. आता ती ओट्याशी उभी राहून, माझ्याकडं पाठ करून नुसता चहा पिऊ लागली. मी पाव खायचं टाळलं की म्हणायची, "तुमी खावा की, मला काय न्हाई वाटत." कपिलधारच्या दर्शनाहून येताना टपरीवर सगळे पाव बुडवत होते आणि ही कप हातात धरून उगाच डोंगर बघत होती. तिथंच ठरवलं, हिला बिनगव्हाचा पाव करून घालायचा. जन्मात चहापलीकडं मी काही शिजवलं नव्हतं, ही बाब तेव्हा किरकोळ वाटली.

मोबाइलवर वाचलं की गव्हाचा चिकटपणा ज्वारी-तांदळात नसतो, म्हणून पिठात इसबगोल घालावं. मित्राच्या औषधाच्या दुकानात गेलो. त्यानं भर गिऱ्हाइकांत विचारलं, "कावून बे, कधीपासून होईना?"

"पाव करायचाय."

"आधी पोट तर साफ कर!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतली निम्मी माणसं मला पपई खायला सांगून गेली.

पीठ घरच्या घरघंटीवर दळलं, कारण गिरणीत गव्हाची भेसळ ठरलेली. ज्वारी जुनी होती. जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते, म्हणून आमच्याकडं त्यात उकळतं पाणी ओततात. मीही ओतलं, त्यातच यीस्टही टाकलं. उकळत्या पाण्यानं यीस्ट जागच्या जागी मेलं. मी मात्र पीठ फुगायची वाट बघत बसलो. बायकोनं झाकण उचललं.

"झोपलंय व्हय हे?"

"विश्रांती घेतंय."

भाजल्यावर जे निघालं ते तिनं दाराला टेकवून ठेवलं. वाऱ्यानं दार आपटायचं थांबलं.

मग कोमट पाण्यावर आलो. ज्वारी, तांदूळ आणि साबुदाण्याचं पीठ, इसबगोल, यीस्ट, चिमूटभर साखर. मळायचं नाही, भज्याच्या पिठापेक्षा घट्ट कालवून डब्यात भरायचं आणि फुगलं की तळाला मीठ पसरलेल्या, शिटी काढलेल्या कुकरात भाजायचं. असा पाव फुगला! मी तो तसाच वाफाळता कापला. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या घरात वाढलेला माणूस, पाव गार होईपर्यंत कसा थांबणार? गरम कापल्यानं आत नुसती खळ. सुरी अडकली. बायकोनं तरी एक तुकडा चहात बुडवला. तो तळाला जाऊन बसला. तिनं तो चमच्यानं काढून मान खाली घालून संपवला.

"चव बरी हाय," म्हणाली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचा पाव कुकरातून निघाला तसा तिनं जाळीवर ठेवला आणि जाळी कपाटात कोंडली. किल्ली कमरेला.

"जरा बघू तरी दे."

"पूर्ण गार झाल्यावर. तवर तिकडं जाऊन बसा."

सकाळी तिनंच पाव कापला. सुरी स्वच्छ निघाली. चहा घेऊन ती ओट्याशी थांबली नाही, माझ्यासमोर येऊन बसली. तुकडा बुडवला. पाव कडेपर्यंत भिजला आणि अखंड वर आला. ती डोळे मिटून चावत राहिली.

मग माझं तोंड सुटलं. कृती सोपी करून कशी लिहायची, उमापूरच्या मेहुणीला कुकरावर कशी शिकवायची, घरी पाव करणाऱ्या बायांना गार होऊ द्या हे कसं बजावून सांगायचं... बोलता बोलता माझा तुकडा कपात गळून पडला.

"अहो, पाव जमला तुमाला," ती हसू दाबत म्हणाली, "बुडवायला अजून मीच लागते."

आणि तिनं आपल्यातला अर्धा तुकडा माझ्या चहात बुडवून, नेमका पडायच्या आत, माझ्या तोंडापुढं धरला.