डोळ्यातलं सिलिकॉन ऑइल

तेव्हा माझी पोस्टिंग लडाखमधल्या आर्मीच्या एका वर्कशॉपला होती. मी गाड्या दुरुस्त करणारा हवलदार, गाव कारधा. रिकव्हरी गाडीवर ड्रायव्हर होता नाईक देवानंद, आमच्याच जिल्ह्यातल्या अड्याळचा. बोली एक, म्हणून जेवणही सोबत.

तिथल्या थंडीत साधं ग्रीस दगडासारखं होतं. सिलिकॉन ऑइल मात्र वाहतं राहतं. पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही, तापलं तरी सहज पेटत नाही. इंजिनाचा पंखा फिरवणाऱ्या फॅन कपलिंगमध्ये तेच भरलेलं असतं. देवानंद रोज सकाळी दरवाजाच्या रबरावर ते चोळायचा, नाहीतर बर्फाने दरवाजा चिकटायचा.

"भाऊ, हे तेल आमच्या घरच्या दाराले पायजे होतं. पावसाळ्यात असं फुगते, आई लाथेनं उघडते."

एका दुपारी बंद पडलेला ट्रक ओढून आणायला निघालो. वळणावर दगड सुटले. एक समोरच्या काचेवर आला आणि माझा उजवा डोळा गेला असंच वाटलं. देवानंदने मला ओढत कड्याच्या आडोशाला नेलं.

"डोळ्याले हात लावू नका, भाऊ. मी वायरलेस सेटवर बोलून येतो."

तो गाडीत शिरला. त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "एक कॅज्युअल्टी. डोळ्याला इजा. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

तेवढ्यात वरून पुन्हा दगड आले. ते थांबल्यावर गाडी रस्त्यावर नव्हती, दरीत गेली होती.

त्याने एकच कॅज्युअल्टी कळवली होती.

मला मिलिटरी हॉस्पिटलला हलवलं. आय सर्जन मेजर मॅडम म्हणाल्या, डोळ्याचा पडदा सुटलाय, आत सिलिकॉन ऑइल भरावं लागेल.

"मॅडम, गाडीवाला ऑइल?"

"खानदान वही है, हवलदार. यह आँख के लिए बहुत साफ़ किया हुआ है."

त्यांनी समजावलं. हे तेल शरीरात विरत नाही, पाण्यात मिसळत नाही. पाण्याहून हलकं, म्हणून वर चढतं. माणूस पालथा राहिला तर ते मागच्या पडद्याला दाबून धरतं. काही महिन्यांनी काढून टाकतात.

ऑपरेशननंतर मी असा पालथा होतो, तेव्हाच देवानंदचा देह अड्याळला नेला. माझ्या बायकोने तिथून फोन लावून ठेवला. बुद्धवंदना ऐकू आली. मग बिगुल. मग बायांचं रडणं. माझ्यासमोर फक्त फरशी होती.

सिस्टरने पाठीवर हात ठेवला. "रो लो, भैया. पर सिर मत उठाना."

पुढे तेल काढलं. त्या डोळ्याला आता उजेड आणि हलता हात एवढं कळतं. सुट्टी मिळाली तसा अड्याळला गेलो. देवानंदच्या आईने पाणी दिलं आणि समोर बसली.

"तो काई बोलला का, बाबू?"

मी सेटवरचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"ओव्हर म्हंजे काय?"

"म्हंजे माहं बोलणं झालं, आता तुमी बोला."



"मंग कोनी बोललं का त्याच्यासंग?"

बेसवरून उत्तर गेलं होतं. ते घ्यायला तो नव्हता. मला हे सांगवेना.

आईने पदराने तोंड पुसलं. भिंतीवर युनिफॉर्ममधला त्याचा फोटो होता. त्याच्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "आयकलं, बाबू. मी आयकलं."