आमचं कॉन्व्हेंट पाहायला येणारे

महिन्यातून दोन रविवारी मी आणि माझी मैत्रीण शोभा लोकांना अमरावतीचं आमचं जुनं कॉन्व्हेंट दाखवतो. ती अकोल्याहून एसटीनं येते, मी राजापेठेतून स्कूटीवर. दर वेळी मी घरी परतते ती डोकं तापवूनच. नवरा चहा टाकतो. पण आदळआपट करून सांगितलेला राग आठ दिवसांत किस्सा होतो, आणि आता इतके किस्से साठलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुन्या विंगेत आम्ही दोघी हॉस्टेलला होतो. आमच्या गावी, नांदगाव खंडेश्वरात, माझं आडनाव कळलं की लोक पुढचं सगळं आपोआप समजून घ्यायचे आणि ओंजळीत वरून पाणी ओतायचे. इथं पहिल्या दिवशी सिस्टर रोझलिननी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, "जेवली काय?" सिस्टर मूळच्या केरळच्या, पण वऱ्हाडी आमच्यापेक्षा पक्की!

आता ही विंग धोकादायक ठरवून पाडायचं चाललंय. लोक येतील, पाहतील, चार शब्द बोलतील, म्हणून आम्ही त्यांना बोलावतो. भाबड्याच आम्ही!

* * *

मोर्शीहून एक आजोबा संत्र्यांची पिशवी घेऊन आले. मी तासभर कमानी, सागवानी जिना, हातभर जाडीच्या भिंती दाखवल्या. आजोबा मान डोलवत होते. मला वाटलं, चला, एक तरी दर्दी भेटला.

शेवटी त्यांनी पिशवी सिस्टरांपुढे ठेवली आणि खिशातून लॅमिनेट केलेला जन्मदाखला काढला.

"बिल्डिंग मस्त आहे. आता नातीच्या के.जी.चं बोला!"

संत्री गोड होती, एवढं मात्र मान्य करते.

* * *

एकदा प्री-वेडिंगवाले घुसले. ड्रोन, धुराच्या नळकांड्या, सगळा लवाजमा. चॅपलच्या पायरीवर नवरी झोपल्यासारखी पडलेली! सिस्टर रोजच्यासारख्या दिवा लावायला निघाल्या, तर फोटोग्राफर ओरडला, "सिस्टर, फ्रेममधून बाजूले व्हा न! फॉरेनचा लुक बिघडून राहिला."

सिस्टर थांबल्या. "फॉरेन? बाबू, मी चाळीस वर्सांपासून अमरावतीची आहो. तुमी कुठून आले?"

"बडनेऱ्याहून," तो म्हणाला. म्हणजे इथून जेमतेम दहा किलोमीटर!

* * *

"मावशी, भूत कोणत्या रूममध्ये हाये?" हा प्रश्न तर दर रविवारी येतो. कॉलेजची पोरं विचारतात. शोभाचं उत्तर ठरलेलं आहे: "भूत पयलेच पळालं. तुमी येऊन राहिले समजलं त्याले!"

* * *

पण सगळ्यात जास्त मी पेटले ती एका पुढाऱ्यावर. 'वारसा वाचवा' असं भाषण द्यायला आला होता. भाषण झकास झालं. टाळ्या आम्हीच वाजवल्या. तो गेल्यावर बघितलं, तर त्याच्या माणसांनी 'वारसा वाचवा'चं बॅनर जुन्या सागवानी दारालाच खिळे मारून लावलेलं! अरे, लाज कशी वाटत नाही? मी तिथंच रडले, रागानं.

सिस्टरनी पकड आणून एकेक खिळा काढला, पाकिटात घातला आणि वर लिहिलं, "आपले खिळे सापडले. वापस घ्या."

* * *

आणि मग मे महिन्यात पाहणीचे साहेब आले. त्यांनी सही केली की विंग गेली. शोभा सुट्टी टाकून आली होती. साहेब जिना चढले नाहीत, त्यांनी भिंतीला हात लावला नाही. जुन्या विंगेत दोन मिनिटं डोकावले आणि म्हणाले, "जुनी आहे म्हणजे धोकादायकच. काहून जीव धोक्यात घालता?"

रिपोर्ट लिहायला सगळे नव्या इमारतीत बसलो. तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद. वरचा स्लॅब तव्यासारखा तापलेला. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला, कागदावर घाम टपकायला लागला.

शेवटी तेच म्हणाले, "सिस्टर, तिकडं जुन्या विंगेत बसलो तर? थंड होतं तिथं."

मी तोंड उघडलं, तर सिस्टरनी माझा हात दाबला.

जुन्या विंगेत उंच छत, जाड भिंती, कोपऱ्यात पाण्याचा माठ. साहेबांनी तिथं बाकावर बसून लिहिलं, 'मनुष्यवस्तीस अयोग्य'. सहीपूर्वी जरा पाठ टेकली आणि घोरायला लागले!

शोभा उसळली. "उठवा याले! आमचं छप्पर पाडून राहिला आन झोपते बी आमच्याच छपराखाली!"

"झोपू दे," सिस्टर म्हणाल्या. खिडकीचं दार हळूच लोटलं आणि साहेबांच्या पायाखाली स्टूल सरकवलं.

दोन तासांनी साहेब उठले. माठातलं दोन ग्लास पाणी प्यायले. हातातला कागद पाहिला, वरचं छत पाहिलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

"सिस्टर, सही तर राहूनच गेली," ते म्हणाले. "उद्या येतो. दुपारीच येतो!"