बिल्ला लावून सदाशिव पेठेत

नागपूरहून निघताना मी दोन कामं केली. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत मूगवड्या वाळत घातल्या आणि शेजारणीला बजावलं, की कोणी खोली भाड्याने मागायला आलं तर बाई गावाला गेल्यात म्हणून सांग. मागचा भाडेकरू पहाटे बासरी शिकायचा. तो गेल्यापासून ती खोली मी वड्या, पापड आणि मनःशांती यांच्यासाठी राखून ठेवली आहे. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. जन्मभर फळ्यावर खंड काढले आणि स्वतः मात्र विदर्भाची हद्द फारशी ओलांडली नाही. भाची प्राची पुण्यात आयटीत लागल्यापासून 'मावशी, ये ना एकदा' म्हणून मागे लागली होती, तेव्हा डिसेंबरात एकदाची ट्रॅव्हल्समध्ये (खासगी बस) बसले.

जाग आली ती क्लीनरच्या ओरडण्याने. "वाघोली कोन हाय? उतरा लवकर, गाडी थांबनार नाय!" मी बॅग, स्वेटर आणि संत्र्यांची पिशवी यांच्यासह जवळजवळ ढकललीच गेले. पुण्याचं पहिलं दर्शन म्हणजे धूळ, अर्धवट बांधलेले उंच मनोरे आणि कॉलेजांच्या पिवळ्या बसगाड्या. विद्येचं माहेरघर म्हणतात ते बहुधा आतल्या बाजूला असावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्राची स्कूटर घेऊन उभी होती. तिच्या जाकिटावर एक गोल बिल्ला चमकत होता. त्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात होते, एक काळा, एक गोरा, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'आम्ही सोबत आहोत'.

"हे काय गं?"

"ऑफिसमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध वीक चालू आहे. सगळ्यांनी बॅज लावायचे, केक कापायचा, ग्रुप फोटो काढायचा. तुझ्यासाठी पण आणलाय."

मी बिल्ला हातात घेऊन नीट पाहिला. "यातला आपला हात कोणता?"

प्राचीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे. "मावशी, ते प्रतीक आहे. सकाळी सकाळी सुरू नको होऊस."

बिल्ल्यांचं मला वावडं नाही. आमच्या घरात बिल्ला माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. माझे वडील जयंतीला निळा बिल्ला लावून घराबाहेर पडत, आणि तो पाहिला की चौकातला हॉटेलवाला त्यांच्यासाठी बाहेरचा वेगळा कप काढी. बिल्ला खिशात ठेवला असता तर चहा आतल्या कपात मिळाला असता. त्यांनी तो कधी खिशात ठेवला नाही. त्यामुळे जो लावल्यावर केक मिळतो, त्या बिल्ल्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. तरी भाचीचं मन मोडायला नको म्हणून मी तो पदरावर लावला. पिन बोटात घुसली.

प्राचीच्या सोसायटीत लिफ्टपाशी सेक्रेटरी उभे होते. त्यांच्या शर्टावर हुबेहूब तसाच बिल्ला होता, म्हणजे त्यांच्याही ऑफिसात केक झाला असणार. आमची ओळख होते आहे तोवर एक उंच मुलगी पाण्याचा कॅन घेऊन आली आणि "गुड मॉर्निंग" म्हणाली. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. "तुम्ही जा पुढे. मी जिन्याने जातो, तेवढाच व्यायाम." राहतात सातव्या मजल्यावर.

ही नीमा. टांझानियाची, इथल्या कॉलेजात फार्मसी शिकणारी, प्राचीची शेजारीण. तिचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि भाजीवाल्यांकडून उचललेलं मराठी असं मिसळलेलं होतं. मी इथे सोयीसाठी सरळ मराठीतच लिहिते. टांझानिया म्हटल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. "किलिमांजारो! लवंगा!"

"मावशी, मी समुद्रकाठची," नीमा म्हणाली. "तो डोंगर मी पण नकाशातच पाहिलाय."

मला ती तिथेच आवडली. प्राचीने तिच्यापुढेही बिल्ला धरला, तर ती हसली. "मी कशाला लावू? मी कोण आहे ते मला काही न लावताच सगळ्यांना दिसतं."

घरात गेल्यावर प्राचीने खरी गोष्ट सांगितली. सोसायटीने ठराव केला होता, की परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचे नाहीत. नीमाला रविवारपर्यंत खोली सोडायची होती आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. ती बऱ्याच ठिकाणी जाऊन आली होती. फोनवर खोली रिकामी असायची, आणि ती दारात पोचेपर्यंत गेलेली असायची.

"आणि तो ठराव कोणी केला?"

"कमिटीने," प्राची म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "सेक्रेटरी काकांनी."

"बिल्ला लावून की काढून?"

प्राची चिडली. "मावशी, काहीच न करण्यापेक्षा बॅज बरा ना? निदान सुरुवात तरी होते." मी म्हटलं, काही लोक सुरुवातीलाच शेवट उरकून घेतात. त्यावरून आमचं इतकं वाजलं की भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सदाशिव पेठेत गेलो. तिथे गच्चीवरची एक खोली रिकामी होती आणि प्राची फोनवर मालकांशी बोलली होती. रिक्षावाल्याने आधी नीमाकडे पाहिलं, मग माझ्या संत्र्यांच्या पिशवीकडे, आणि "तिकडं नाय जात" म्हणाला. आम्ही कुठे जायचंय ते अजून सांगितलंच नव्हतं. शेवटी बसने गेलो. बसमध्ये नीमाच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहिली, म्हणून तिथे मी संत्री ठेवली आणि ऐसपैस बसले.

पेठेत उतरल्यावर आधी नाश्ता केला. इथल्या गल्ल्या अरुंद, स्कूटर उदंड, आणि दर दुसऱ्या दारावर कसला ना कसला क्लास किंवा दवाखाना. खिडक्यांतून 'कॉट बेसिस'चे बोर्ड लटकतात (म्हणजे खोली नव्हे, खोलीतली नुसती खाट भाड्याने). मी हॉटेलात पोहे मागवले आणि वेटरला सवयीने म्हटलं, "भाऊ, थोडी तर्री टाकजो." (तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, नागपुरात पोहे त्याच्याशिवाय गिळत नाहीत.)

"पोहे कोरडेच असतात," वेटर म्हणाला. "ओले हवे असतील तर पाणी आहे टेबलावर."

नीमा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तेच पाणी तिच्या कामी आलं.

घरमालकांना मी इथे नाना म्हणते. निवृत्त, ताठ, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले. दार उघडलं आणि मी चाटच पडले. स्वेटरवर बिल्ला! आमच्यासारखा नव्हे, जरा मोठा, पण हात तेच, एक काळा, एक गोरा. प्राचीचा चेहरा खुलला. तिने मला कोपराने ढोसलं, 'पाहिलंस?' अशा अर्थाने.

नाना मात्र नीमाकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"आपण कुठल्या?"

"नागपूरची."

"नागपूर ठीक आहे. आडनाव?"

"मेश्राम."

"अच्छा," नाना म्हणाले. हा 'अच्छा' माझ्या चांगला ओळखीचा आहे. शब्द लहान, पण त्याच्या मागे बराच वेळ हिशेब चाललेला असतो. प्राचीचं तोंड उतरलं. मी पदर सारखा केला आणि न सांगताच खुर्चीत बसले. नीमालाही बसवलं.

"त्याचं असं आहे," नाना म्हणाले, "खोली द्यायला हरकत काहीच नव्हती. पण पाण्याचा फार प्रश्न आहे हो इथे."

नेमकी तेव्हाच वरची टाकी भरली आणि खिडकीबाहेर धो धो पाणी कोसळू लागलं. खालून कोणीतरी ओरडलं, "मोटर बंद करा, स्कूटर भिजतेय!" नाना उठून मोटर बंद करून आले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे निघाले.

"शिवाय वास. यांचं खाणं वेगळं, मसाले वेगळे. आम्हाला सवय नाही. वैयक्तिक घेऊ नका."

नीमा खाली मान घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. काल लिफ्टमध्ये हसणारी मुलगी हीच का, असं वाटावं इतकी गप्प. हे असं ऐकून घ्यायची तिला सवय झालेली आहे, हे मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं. माझा राग अशा वेळी फार नम्र होतो. शाळेत मुलं त्यालाच घाबरायची.

"नाना, एक विनंती," मी म्हटलं. "तेवढा बिल्ला काढून ठेवता का? खोली शोधत येणाऱ्यांचा उगीच गैरसमज होतो."

नाना ताडकन सरळ झाले. "अहो, हा बिल्ला माझ्या मुलाने अमेरिकेहून पाठवलाय! तिथे त्याला एकाने भर दुकानात 'तुझ्या देशात परत जा' म्हणून सुनावलं. माझ्या मुलाला! हा तत्त्वाचा प्रश्न आहे!" त्यांचा आवाज खरोखर कापत होता. माणूस ढोंगी नव्हता. त्याचं दुःख खरं होतं. फक्त ते तिकीट काढून थेट अमेरिकेला जात होतं, मध्ये सदाशिव पेठेत उतरत नव्हतं.

"आणि खोली?"

"खोली हा व्यवहार आहे."

"मग व्यवहाराच्या वेळेत बिल्ला नको."

नाना हट्टाला पेटले. "काढतो. घ्या, काढतो!" म्हणून त्यांनी पिनेला हात घातला. पिन लोकरीत अडकली. ओढली तसा एक धागा बाहेर आला, मग दुसरा. प्राची हसू दाबायला खिडकीकडे वळली. तेवढ्यात आतून काकू आल्या. पदराला हात पुसत त्या नवऱ्याची झटापट शांतपणे पाहत उभ्या राहिल्या.

"काढा, काढा," काकू म्हणाल्या. "रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल असतो. बाबा, बिल्ला कुठे गेला असं तो विचारेलच. तेव्हा सांगा, दारात पाहुणे आले म्हणून काढला."

नानांचा हात पिनेवरच थांबला.

"आणि वासाचं म्हणाल," काकू पुढे म्हणाल्या, "तर तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला तिकडे कोणी घर देईना, ते का? माझ्याच फोडणीचा वास येतो म्हणून. मी त्याला डबे भरून मसाले दिले होते. आठवतंय, की तेही अमेरिकेतच राहिलं?"

बाहेर टाकीचं उरलेलं पाणी ठिबकत होतं. काकूंनी नीमाकडे मोहरा वळवला.

"काय गं, तुझ्याकडे काय खातात?"

"उगाली," नीमा म्हणाली. "मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात शिजवतो, घट्ट."

"म्हणजे उकडच की! आणि?"

"भाजी. मासे. चपाती."

"मासे बाहेर खायचे. आणि या घरात चपाती नाही म्हणायचं. पोळी."

"पोळी," नीमा म्हणाली.

"ळ चांगला काढतेस," काकू म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. नाना दोन्ही हातांनी धागे परत स्वेटरात कोंबत होते. "मी नाही कुठे म्हणत होतो? मी फक्त अडचणी सांगत होतो," एवढंच ते म्हणाले. बिल्ला वाकडा झाला होता, पण जागेवर होता.

मी त्यांना संत्री दिली. त्यांनी घेतली, एक सोलून खाल्लं, आणि नागपूरची संत्री पूर्वी गोड असत असं सांगितलं.

रविवारी नीमाचं सामान हलवून मी परतीच्या बसमध्ये बसले. बिल्ला मी पर्सच्या पट्ट्याला लावला होता. वाटेत शेजारच्या बाईंनी विचारलं, "कसला हो हा?" आणि मी त्यांना नगर येईपर्यंत सगळी कहाणी ऐकवली. प्राची पूर्ण बरोबर नव्हती आणि मीही नव्हते. बिल्ला लावल्याने माणूस चांगला होत नाही. सेक्रेटरी काही सुधारले नाहीत. पण नानांच्या अंगावर बिल्ला नसता तर मी त्यांना कुठे धरलं असतं? लावणाऱ्याला त्याचा काय उपयोग होतो ते माहीत नाही, समोरच्याला मात्र होतो. असं बरंच मी बोलले. बाई मध्येच झोपल्या, तरी मी थांबले नाही.

घरी आले, वड्या छान वाळल्या होत्या. स्वयंपाकघरात बादली लावली आणि पर्स खुंटीला अडकवते तोच प्राचीचा फोन.

"मावशी, नीमाच्या मैत्रिणीचा भाऊ आहे, घानाचा. त्याला नागपूरला ॲडमिशन मिळालीय. खोली मिळत नाहीये. तुझी वरची रिकामीच आहे ना?"

"अगं हो, पण," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून इतकं अलगद, इतकं तयार होऊन आलं, की ते माझंच आहे हे मला ऐकूनच कळलं. "इकडे पाण्याचा फार प्रश्न आहे."

"मावशी," प्राची म्हणाली, "तुझा नळ चालू आहे. इथपर्यंत ऐकू येतोय."

बादली भरून पाणी मोरीत वाहत होतं. खुंटीवरच्या पर्सला लावलेले दोन हात माझ्याकडे बघत होते. मी नळ बंद केला.

"त्याला विचार," मी म्हटलं, "बासरी वाजवतो का." आणि वड्या उचलायला वर गेले.