चुन्याचं छप्पर

तोंडवलीतलं आमचं घर पूर्वी नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेलं असायचं. एका वर्षी शेजारच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि वाऱ्यावर त्या ओळीतली घरं बघता बघता जळाली. आमचं वाचलं, पण बाबांच्या मनातली भीती जाईना. पुढच्या हंगामात मासळी चांगली लागली, तेव्हा त्यांनी मालवणहून होडीतून पत्रे आणले. नव्या पत्र्यांचं मला फार कौतुक होतं. उन्हाळा लागला तसं ते ओसरलं. खाऱ्या वाऱ्याने पत्रा लवकरच तांबूस पडला आणि दुपारी घरात भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. आम्ही जेवून उठलो की चटया उचलून माडांच्या सावलीत जायचो.

माझी थोरली बहीण कणकवलीच्या बाजूला एका शेतकरी घरात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि तिचे दिवस भरत होते नेमके वैशाखात. शिमगा झाल्यावर तिचे यजमान आले. चहा घेतला, इकडचंतिकडचं बोलले आणि मग खाली बघत म्हणाले, "आये म्हणता, पत्र्याखाली बाळंतीण नको. हय जीव उकडतलो. आमचा घर कौलारू आसा, थंयच करूया."

आईने विचारलं, "आणि ती काय म्हणता?"

"ती काय बोलना नाय. नुसती रडता."

ते गेल्यावर बाबा होडीकडे निघून गेले आणि अंधार पडेपर्यंत परतले नाहीत. विहीणबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच त्यांना लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई तुळशीपाशी उभी होती. वृंदावनाला दिवाळीत चुना लावलेला. तिने त्यावर हात ठेवला, मग विहिरीवर झाकलेल्या पत्र्याला लावला आणि चटकन मागे घेतला. तिने बाबांना हाक मारली. "अवो, हात लावन बगा. चुन्याक ऊन झोंबना नाय. छपराक चुनो लावया."

"पत्र्याक कोण चुनो लावता? लोक हसतले."

"हसांदेत."

खाडीकाठी कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करणारं एक घर होतं. तिथून बाबांनी चुना आणला आणि पिंपात भिजवला. नारळाच्या सोडणाचा कुंचा केला. पहाटे, पत्रा गार असताना, फळी टाकून ते वर चढले. खालून रांपणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणारी माणसं थांबून बघायची. एकाने विचारलं, "काय रे, घराचा लगीन काढलंस काय?"

बाबा वरूनच म्हणाले, "माझा चेडू माहेराक येवचा आसा."

पहिला हात चार दिवसांत पापुद्रे धरून सुटला. बाबा वाऱ्याने उडणारे पांढरे कपटे बघत बसले. मग त्यांनी सगळा पत्रा वाळू आणि सोडण घेऊन घासून काढला. आईने चुन्यात मीठ आणि भाताची घट्ट पेज घातली. मी खालून डबे भरून द्यायची. माझ्या हातांना चुना लागून भेगा पडल्या, तर आई त्यांना रात्री खोबरेल लावायची. या वेळी चुना धरला. घर गार झालं असं मी म्हणणार नाही, पण दुपारी आम्ही चटया बाहेर नेईनासे झालो.

मग बाबा स्वतः कणकवलीला गेले आणि विहीणबाईंना म्हणाले, एकदा येऊन बघा, मग काय ते ठरवा. चैत्रात त्या बहिणीला घेऊन आल्या. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरून वाळूतून चालून दोघी दमल्या होत्या. आईने जेवण वाढलं, नंतर माजघरात चटई टाकली. विहीणबाई म्हणाल्या, "माका दुपारची झोप येना नाय हां, मी आपली बसतंय." थोडा वेळ त्या भिंतीला टेकून पान चघळत बसल्या. मग आडव्या झाल्या, आणि मग घोरू लागल्या.

बाबा पडवीत जाळं विणत होते. त्यांनी विणायचं थांबवलं. आम्हाला बोटाने गप्प राहा म्हणून खुणावलं आणि अंगणात जाऊन कावळे हाकलत उभे राहिले. आत बहीण तोंडावर पदर धरून हसत होती.

उन्हं कलल्यावर विहीणबाई दचकून उठल्या. "अगो बाय, माझो डोळो लागलो काय?"

"वायच," आई म्हणाली.

त्या बाहेर गेल्या, डोळ्यांवर हात धरून छपराकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बाबांना म्हणाल्या, "ह्या सगळा तुमी केल्यात?" बाबांनी मान डोलावली. "रवांदे तर तिका हयसर," त्या म्हणाल्या. बहीण हे ऐकून हसता हसता रडायला लागली.

वैशाखात तिला मुलगी झाली. सोयराच्या दिवसांत बाबांना बाळंतिणीच्या खोलीत जाता येईना. ते खिडकीबाहेर भिंतीला टेकून बसायचे आणि दर थोड्या वेळाने विचारायचे, "बाय, गरम होता काय गो?"

"नाय बाबा."

कधी वारा पडायचा तेव्हा तिच्या कपाळावर घामाचे थेंब मला दिसायचे. मी पंखा घालत असायची. तरी ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "नाय बाबा, बरा वाटता."

सासरी परत जाताना तिला पोचवायला बाबा खाडीपर्यंत गेले. नात त्यांच्याच हातात होती. तरीची होडी आली तरी देईनात. शेवटी बहिणीने हळूच तिला घेतलं. होडी पलीकडे लागून दोघी माडांत दिसेनाशा होईपर्यंत बाबा पाण्यात पाय ठेवून उभे होते, आणि मी त्यांचा हात धरून होते.