तिच्या नावानं दिवा नको

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे खिडकीला पोतं मारलं. पेंडीचं रिकामं पोतं. मी स्टुलावर, तोंडात खिळे, आणि बायको खाली स्टूल धरून. रात्रीची जेवणं झालेली. समोरच्या खांबावरचा दिवा असा आत शिरत होता की अंथरुणावर पडून भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं.

"अवं, डाव्या अंगाला फट राहिली की," ती म्हणाली.

"राहू दे. उद्या बघू."

"तुमचं उद्या मला ठावं हाय. लगीन झाल्यापास्नं बघतोय मी."

मी खाली उतरलो. तिनं सांडलेले खिळे वेचून डबीत ठेवले आणि आम्ही झोपलो. पहाटे ती धार काढायला म्हणून उठली, गोठ्याच्या दारात टेकली आणि तिथंच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. असेल. मी चौथी शिकलेला माणूस, डॉक्टरशी वाद घालत नाही.

दिव्याबद्दल मात्र घालणार. तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

आमचं घर पन्हाळ्याच्या खाली, गावाच्या शेवटाला. घरापुढं गल्ली, गल्लीपलीकडं आमचंच सोयाबीनचं रान. औंदा पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामपंचायतीनं त्या रानाच्या बांधाला खांब रोवला आणि वर पांढराफेक दिवा बसवला. दिवा म्हणे रस्त्यासाठी. रस्त्यावर थोडा पडतो, बाकी सगळा आमच्या घरात, रानात आणि वर आभाळात. आभाळातनं कोण चालत जातंय, मला अजून दिसलेलं नाही.

माझ्या बायकोनं जन्मात घड्याळ बघितलं नाही. पहाटे अंगणात यायची आणि तिकांडं बघायची. एका ओळीत तीन चांदण्या असतात, त्या. भादव्यात त्या गोठ्याच्या आढ्यावर आल्या की धारेची वेळ. थंडीत त्या लवकर कलतात, मग दुसरी चांदणी धरायची. कुठल्या महिन्यात कुठली, सगळं तिच्या डोक्यात. दूध संस्थेत आमची किटली एक दिवस उशिरा गेली नाही.

दिवा लागला आणि आभाळ ताक सांडल्यासारखं झालं. ती डोळ्यांवर हात धरून अंगणभर फिरायची, गोठ्यामागं जाऊन बघायची. शेजारचा कोंबडाही कुठल्याही वेळेला आरवायला लागला. मुलानं मोबाईलमध्ये गजर लावून दिला, तर तो वाजला की म्हणायची, "ह्यो बिनपिसाचा कोंबडा आधी गप करा."

त्या पहाटेही ती सापडली तेव्हा तोंड वरच होतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्यात आता राख नदीत सोडत नाहीत, रानात खड्डा काढून घालतो आणि वर झाड लावतो. निवद ठेवला आणि कावळा लगेच शिवला. जन्मभर तिनं कुणाला ताटकळत ठेवलं नाही, मेल्यावर कशाला ठेवेल. मग रिवाजाप्रमाणं आठवणीखातर काय देणार ते सांगायची वेळ आली. कुणी शाळेला पंखे देतं, कुणी देवळाला घंटा. माझा मुलगा कोल्हापुरात नोकरीला आहे. तो उभा राहिला. म्हणाला, आईच्या स्मरणार्थ आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मोठा दिवा बसवणार, चारी बाजूंना उजेड पडेल असा, आणि खांबावर आईचं नाव घालणार.

लोकांनी माना हलवल्या. पोरगं रडत होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी उठलो.

"खाली बस," म्हटलं. "तिच्या नावानं दिवा नको."

"आबा, आत्ता नको की हे."

"आत्ताच. तुझ्या आईनं आन् मी शेवटच्या राती त्या एका दिव्यापायी खिडकीला पोतं मारलंय. आन् तू तिचं नाव दुसऱ्या दिव्याला देणार?"

सरपंच पुढं झाले. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. "आबा, तुमचं दुःख कळतंय. पर उजेड नको म्हणणारा मानूस मी पयल्यांदा बघतोय. बायाबापड्या जात्यात येत्यात, इचू-काटं असतंय."

"इचू आभाळात असतोय व्हय? उजेड नको कोण म्हणलं? रस्त्यावर पाडा की. वरनं टोपी घाला, तोंड खाली करा, पिवळा बसवा. माझ्या अंथरुणात आन् आभाळात कशाला?"

"टोप्या घातल्यावर गाव अंधारात दिसंल."

"कुणाला? इमानातल्या पावण्यांस्नी?"

कोणीतरी हसलं आणि कुठं बसलोय ते आठवून खोकलं. माझा मेव्हणा शिरोळचा. तो म्हणाला, "दाजी, बरं झालं कावळा आधी शिवला. ह्ये दिव्याचं आधी निघालं असतं तर अक्का त्याला सांजपतोर येऊ देत न्हवती."

सरपंचांना ते लागलं. "दिव्यानं कुणाचं काय बिघडलंय ते दाखवा," म्हणाले, "मग बघू."

बरं, म्हटलं.

त्या रात्री डाव्या फटीतनं उजेडाची पट्टी आत आली ती नेमकी तिच्या रिकाम्या अंथरुणावर. पोतं सारून ती बुजवायला मिनिट लागलं नसतं. मी बुजवली नाही. बघत पडलो.

सकाळी उठून आधी धार काढली. सुतक माणसाला, म्हशीला नाही. मग खिडकीचं पोतं खिळ्यांसकट ओढून काढलं. झाकून आम्ही का घ्यायचं? पोतं घेऊन रानात गेलो. खांबाखालचं सोयाबीन कमरेला लागत होतं, हिरवंगार, नुसता पाला, शेंग नाही. वीस पावलं पलीकडं तेच बी, त्याच दिवशी पेरलेलं, पिवळं होऊन शेंगांनी लगडलेलं. सोयाबीनला रात मोठी होत चाललेली कळावी लागते, तेव्हा ते फुलतं. खांबाखाली रातच झाली नाही. हे महिन्यामागं तिनंच मला दाखवलं होतं. "ह्यास्नी अजून दिसच हाय वाटतंय," म्हणाली होती, आणि मी हसलो होतो.

दोन्हीकडची एकेक पेंढी उपटली, पोत्यात घातली, पोतं खांद्यावर, किटली हातात, आणि दूध संस्थेत गेलो. सकाळी सगळं गाव तिथं असतं, सरपंचसुद्धा. दूध मापून झालं आणि दोन्ही पेंढ्या काट्याशेजारी मांडल्या. माणसं जमली. शाळेजवळच्या दिव्याखाली ज्याचं रान आहे तो म्हणाला, "माझंबी असंच झालंय की. मी दुकानदाराला शिव्या घालून आलो, बी बोगस दिलंस म्हणून."

मुलगा माझ्या मागोमाग आला होता, मला माहीत नव्हतं. त्यानं दोन्ही पेंढ्या हातात घेऊन बघितल्या. मग सरपंचांना म्हणाला, "नवा खांब ऱ्हाऊ द्या. त्याच खर्चात गल्लीतल्या समद्या दिव्यांस्नी टोप्या घालूया. नाव कुठं नको."

सरपंचांनी हिरव्या पेंढीत हात घालून शेंग शोधली. सापडली नाही. "बरं आबा," म्हणाले. "उद्या बघू."

"उद्या बघू असं मीबी म्हणलो हुतो," मी म्हणालो. "आज बघायचं. वायरमनला फोन लावा."

आणि पोत्याची घडी करून संस्थेच्या पायरीवर टाकली, तिच्यावर बसलो.