पोत्यातली बाई

मी पनवेलच्या ज्या स्कॅन सेंटरमध्ये काम करते, तिथल्या डॉक्टर मॅडम मशीनवर झोपलेल्या प्रत्येकाला "आता हलू नका हं" असं सांगतात. पोलिसांनी आणलेल्या सांगाड्यालाही त्या तेच सांगतात. सुरुवातीला मला हसू यायचं.

परवा पळस्पे फाट्याजवळ, तोंड शिवलेल्या पोत्यात सापडलेली हाडं आली. बरोबरच्या हवालदाराने आल्याआल्या विचारलं, "बाप्या हाय का बाई, तेवढं पटकन सांगा." मॅडमनी स्क्रीनवर कमरेची हाडं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, रुंदी मोजली, कवटी पाहिली आणि मग म्हणाल्या, "बाई आहे. तरुण."

हवालदार एकदम निवांत झाला. खुर्चीत रेलून म्हणाला, "मग काय घाई नाय. गेली असल कोनाचा तरी हात धरून पळून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमचा आवाज मात्र कधी चढत नाही. रागावल्या की त्या आणखी सावकाश बोलतात. त्यांनी हाडांवर चादर ओढली आणि हवालदाराला विचारलं, "पळून गेलेली बाई पोत्यात शिरली आणि तिने तोंड बाहेरून शिवून घेतलं, असं लिहू का?"